साइड

डेपोत त्यांना सगळे सिग्नलकाका म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला गाडी उभी करून स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसणारा हा माणूस. मागच्यांनी भोंगे वाजवून कान किटवले तरी ढिम्म हलायचा नाही. काकांची गाडी बंद पडली तर कुणाला कळणार कसं, अशी ड्रायव्हर मंडळी थट्टा करायची आणि काकाही त्यात हसून घ्यायचे. पिण्याच्या पाण्याचे जार ऑफिसं, दवाखाने, दुकानं अशा ठिकाणी पोचवण्यात त्यांची उमर गेली होती. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नव्हता. नवा ड्रायव्हर आला की मॅनेजरबाई त्याला आधी काकांच्या शेजारी बसवायच्या.

बारक्याही असाच येऊन बसला होता. अंगाने काटकुळा, दोन दोन जार मात्र सहज उचलायचा. हात चांगला होता त्याचा. अरुंद गल्लीतून गाडी मागे घ्यावी तर त्यानेच. पण पायात कुणी स्प्रिंग बसवल्यासारखी घाई. काका त्याला म्हणायचे, "तुला गाडी चालवायला येते रे, थांबवायला येत नाही." बारक्या म्हणायचा, "थांबवायला तुम्ही आहात की काका. दोघं थांबलो तर पाणी कोण पोचवणार?"

शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी मॅनेजरबाईंनी सगळ्यांना जार धुण्याच्या शेडमध्ये गोळा केलं. हे दरवर्षीचंच होतं. सुट्टीत रस्ते मोकळे मिळतात, पाय सैल सुटतो, आणि सोमवारी तेच रस्ते पोरांनी भरलेले असतात, असं बाई सांगत होत्या. शाळेजवळ वेग उतरवा. फोन खिशात. पुढची गाडी उभी असेल तर तिला ओलांडू नका, ती का उभी आहे ते आधी बघा. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि पोरांना हात करून बोलावू नका. तुम्ही थांबलात म्हणजे सगळा रस्ता थांबला असं नसतं. त्यांचं त्यांना बघून येऊ द्या."

काका पुढच्याच खुर्चीत चहा घेत बसले होते. त्यांना हे सगळं तोंडपाठ होतं आणि सगळं पटलेलंही होतं, फक्त हे शेवटचं सोडून. लेकरू रस्त्याकडेला ताटकळत उभं आहे आणि आपण त्याला 'ये बाळा' म्हणायचं नाही, ही कुठली रीत? नियम नवशिक्यांसाठी असतात, असंही त्यांना थोडं वाटायचं. तसं ते कुणाला बोलून दाखवायचे नाहीत.

सोमवारी सकाळी नेमकं जार भरायचं मशीन अडकलं. ते चालू होईपर्यंत सगळ्यांच्याच फेऱ्या लांबल्या. बारक्याच्या फेरीत एक दवाखाना होता आणि तिथून फोनवर फोन येत होते. तो गाडीभोवती घिरट्या घालत होता, जार भरणाऱ्यांवर खेकसत होता. शेवटी काकांची गाडी निघाली आणि तिच्या पाठोपाठ बारक्याची. शाळा ओलांडून पुढच्या चौकापर्यंत दोघांचा रस्ता एकच होता.

शाळेच्या रस्त्यावर येताच काकांनी वेग उतरवला. घंटा होऊन गेली असावी, कारण गर्दी ओसरली होती. फाटकापाशी चारदोन आया तेवढ्या रेंगाळत होत्या. पलीकडच्या बाजूला, काकांच्या खिडकीच्या बाजूला, एक मुलगी एकटीच उभी होती. पाठीवर नवंकोरं दप्तर, इतकं मोठं की मागून पाहिलं असतं तर दप्तरच उभं आहे असं वाटलं असतं. ती रस्ता ओलांडायच्या बेतात होती, पण पाऊल उचलत नव्हती. काकांनी गाडी थांबवली.

ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. बिचकलेली नव्हती, जणू काही विचारत होती. काकांना तिचं कौतुक वाटलं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पुढच्या दिशेने हलवला. चल, जा, मी थांबलोय.

मुलीने मान डोलावली आणि रस्त्यावर पाऊल टाकलं.

त्याच क्षणी बाजूच्या आरशात त्यांना बारक्याची गाडी बाहेर निघताना दिसली. बाहेर काढलेला हात तसाच आत घेऊन त्यांनी भोंगा दाबला. त्यांना बारक्याला थांबवायचं होतं. पण भोंगा ऐकून थांबली ती मुलगी. आपलं काही चुकलं का, असं विचारावं तसं तिने पुन्हा काकांकडे पाहिलं. दुसरीकडे तिने बघितलंच नाही.

पुढचं काकांनी पाहिलं. सगळं पाहिलं. डोळे मिटून घ्यायला हवे होते असं त्यांना नंतर पुष्कळदा वाटलं.

दुपारपर्यंत हॉस्पिटलमधून निरोप आला की मुलगी गेली. तोवर पोलीस येऊन गेले होते. बारक्या फूटपाथवर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, त्याला कुणीतरी दोन थपडा मारल्या होत्या. पोलिसांनी उठवलं तेव्हा त्याने वळून एकदा काकांकडे पाहिलं. काका जबाब देत होते. मी थांबलो होतो. मुलगी रस्ता ओलांडत होती. तो मागून आला आणि माझ्या गाडीला ओलांडून पुढे गेला. यातला शब्दन् शब्द खरा होता. जबाब घेणारा हवालदार म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून पोरं जगतात, काका." मग आपण काय बोलून बसलो ते लक्षात येऊन त्याने मान खाली घातली.

डेपोत कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. जे बोलत होते ते बारक्याला शिव्या घालत होते. काकांच्या पाठीवर मात्र जो तो हात ठेवत होता. मॅनेजरबाई म्हणाल्या, चार दिवस घरी बसा. काका म्हणाले, घरी बसून काय करू, आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन निघाले.

मुलीच्या अंत्यविधीलाही ते गेले. मागे, भिंतीला टेकून उभे राहिले. कुणीतरी ओळखलं. मुलीचा मामा गर्दीतून वाट काढत आला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "तुम्ही तरी थांबला होतात." काकांना हात सोडवून घेता येईना.

त्यानंतर पोलिसांनी त्यांना पुन्हा एकदा बोलावलं. साहेब पंख्याखाली घाम पुसत बसले होते. त्यांनी विचारलं, "तो पोरगा म्हणतो, तुम्ही त्याला साइड दिली. दिली होती का?"

"नाही साहेब. मी कुणाला साइड दिली नाही."

"तेच म्हटलं. अंगावर आलं की सगळे असंच करतात." साहेबांनी हात झटकले. "जा तुम्ही."

काका पायऱ्या उतरले आणि खाली आल्यावर कठड्याला धरून उभे राहिले. खोटं ते काही बोलले नव्हते. साइड त्यांनी दिली नव्हतीच. त्यांनी मुलीला वाट दिली होती. पण मागच्या गाडीत बसलेल्या माणसाला खिडकीतून बाहेर आलेला हात दिसतो, तो कुणासाठी आहे ते दिसत नाही. ड्रायव्हर खिडकीतून हात काढून पुढे हलवतो तेव्हा मागच्याने काय समजायचं, हे काकांनीच बारक्याला शिकवलं होतं.

त्या दिवसापासून ते अर्ध्या ताटावरून उठायचे. बायको विचारायची, ते म्हणायचे, डोळ्यांसमोरून हलत नाही. तेही खरंच होतं. गाडी चालवताना शाळेपाशी पोरं दिसली की ते थांबायचे आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसायचे. पोरं त्यांच्याकडे बघायची. ते समोर काचेकडे बघायचे. मागून भोंगे सुरू व्हायचे, पोरं गोंधळायची, ना ती हलायची ना काका. एकदा एका बाईने काचेवर टकटक करून विचारलं, "अहो, जायचं की नाही त्यांनी? काहीतरी सांगा तरी."

मग एके दिवशी संध्याकाळी बारक्याची बायको घरी आली. काकांच्या बायकोने तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिने पेल्याला हात लावला नाही. डोळे सुजलेले होते, पण रडत नव्हती.

"काका, मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "यांनी केलं ते केलं. ती मुलगी माझ्याही डोळ्यांसमोरून जात नाही. पण हे एकच सांगतायत, काकांचा हात दिसला म्हणून काढली. डेपोत सगळे म्हणतात खोटं बोलतोय. वकीलही म्हणतो, हे बोलूच नका, वाईट दिसतं. मला फक्त एवढं सांगा. हात बाहेर होता का?"

काकांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"होता," काका म्हणाले.

बारक्याच्या बायकोने डोळे मिटले. जरा वेळाने म्हणाली, "मग सांगितलं का नाहीत?"

"हाताचं मला कुणी विचारलं नाही."

आपल्याच तोंडचं वाक्य कानांवर पडलं आणि काकांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ती उठली, काकांच्या बायकोला "येते मावशी" म्हणाली आणि गेली.

दार लावून बायको समोर येऊन बसली.

"तिला बोलावलंत तुम्ही? त्या लेकराला?"

काकांनी मान डोलावली.

"आणि इतके दिवस पोटात ठेवून बसलात." तिचा आवाज चढला नाही. "मला सांगायचं होतंत. मी काय पोलीस आहे?"

"तू काय म्हणाली असतीस?"

"काय माहीत. पण तुम्ही एकटे तरी नसता." तिने पदराने नाक पुसलं. "पोलिसांना सांगा. पण आधी तिच्या आईला सांगा. हे तिला कोर्टात बसून ऐकायला लागू नये."

सकाळी काका आधी मॅनेजरबाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

"काका, त्या शनिवारी मी सांगितलं होतं. तुम्ही माझ्या समोर बसला होतात."

"हो."

"दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं." त्या खिडकीबाहेर, धुवून उलटे ठेवलेल्या जारांकडे बघत राहिल्या. "कंपनीचे वकील म्हणतायत, आपली एक गाडी तरी नियमाने उभी होती, तेवढाच आधार आहे. तुम्ही बोललात की तोही जाईल. गप्प बसा असं मी तुम्हाला म्हणायला हवं. नोकरी आहे माझी. पण नाही म्हणत. जा."

मुलीची आई कपडे शिवायची. दोन खोल्यांचं घर होतं, नवरा परगावी कामाला. लेकीला स्मशानात पोचवून तो परत गेला होता, राहून करणार काय. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन आणि लोकांचे कपडे, कुणाची बाही उसवलेली, कुणाची पँट आखूड करायची. मशीन चालू होतं. काकांना पाहून ती उठली, खुर्चीवरचे कपडे उचलले.

"बसा ना. तुम्हाला ओळखते मी. तुम्ही थांबला होतात."

काका बसले. वाटेत जुळवून ठेवलेली वाक्यं जागेवर राहिली नव्हती.

तीच बोलायला लागली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगत असावी. "पहिल्यांदाच एकटी गेली होती. मला म्हणाली, आई, मी मोठी झाले आता. मी घोकून घेतलं होतं तिच्याकडून. नुसती गाडी थांबली म्हणून जायचं नाही. गाडीवाल्याकडे बघायचं. त्याने तुला पाहिलंय ना ते बघायचं. तो जा म्हणाला की मगच पाऊल टाकायचं. नाही म्हणजे नाही. ऐकायची हो ती. तिने असं कसं केलं, तेच मला समजत नाही. घाई करणारी नव्हती ती."

"तिने घाई केली नाही," काका म्हणाले.

आई थांबली.

"ती उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी तिला हात केला. जा म्हणालो. मग ती निघाली." काकांना मध्ये थांबायचं नव्हतं. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "तोच हात मागच्याला दिसला. त्याला वाटलं मी त्याला पुढे जा म्हणतोय. मग मी भोंगा वाजवला, तर ती थांबली, आणि माझ्याकडे बघायला लागली. तिने तुम्ही सांगितलं तसंच केलं सगळं. चुकलो ते मी. पोलिसांना हे सांगितलं नाही अजून. आता जाणार आहे. आधी तुम्हाला सांगायला आलो."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. आईच्या हातात कुणाचा तरी अर्धवट उसवलेला शर्ट होता. तिने तो मशीनवर ठेवला आणि हाताने सपाट केला.

"कसा केलात हात?" तिने विचारलं.

काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मला दाखवा. कसा केलात?"

काकांनी हात उचलला. त्यांनी तो पुढे हलवला, त्या दिवशी हलवला तसाच.

ती त्या हाताकडे बघत राहिली. खूप वेळ. मग म्हणाली, "मीसुद्धा आले असते."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, तसा तिचा चेहरा घट्ट झाला. "इथे रडू नका. मला तुमचं रडणं सांभाळायचं नाही. तुम्हाला सांगायचं होतं, सांगितलंत. आता जा. आणि परत येऊ नका."

काका उठले. जिना उतरेपर्यंत मशीनचा आवाज परत सुरू झाला नव्हता.

पोलीस ठाण्यात साहेब आधी वैतागले. झालेलं काम पुन्हा करायचं होतं. मग नीट ऐकल्यावर त्यांनी काकांकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं, आणि ती नजर काकांना पुढे खूप ठिकाणी भेटली. डेपोत बातमी पोचायला वेळ लागला नाही. काल पाठीवर हात ठेवणारे आज नजर चुकवायला लागले. कुणी म्हणालं, म्हातारा बारक्याला वाचवायला खोटं बोलतोय. कुणी म्हणालं, मग आधी का बोलला नाही. सिग्नलकाका म्हणायचं सगळ्यांनी आपसूक बंद केलं. नुसतं काका म्हणू लागले.

कोर्टात काका सगळं पुन्हा बोलले. मुलीची आई पहिल्या रांगेत बसली होती आणि तिने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. बारक्याला शिक्षा झालीच, उभ्या गाडीला ओलांडलं होतं त्याने. पण वकील धरून चालला होता त्यापेक्षा कमी झाली. काकांचं लायसन्स काही काळासाठी काढून घेतलं. कंपनी त्यांना काढूनच टाकणार होती, मॅनेजरबाईंनी शब्द टाकून त्यांना शेडमध्ये जार धुवायला ठेवून घेतलं. दिवसभर हात पाण्यात. बोटांची कातडी पांढरी पडून सुटायला लागली. बायको रात्री तेल चोळून द्यायची आणि म्हणायची, सोडा आता हे काम. ते सोडत नव्हते. लायसन्स परत मिळालं तेव्हा ते त्यांनी कपाटात ठेवलं आणि गाडी मागितली नाही.

बारक्या सुटला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका सुट्टीच्या दुपारी घरी आला. अजून बारीक झाला होता. केस मध्येच पांढरे दिसत होते. काकांच्या बायकोने चहा ठेवला. बारक्या भिंतीला टेकून जमिनीवरच बसला, खुर्चीवर बस म्हटलं तरी उठला नाही. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. आता एका गोदामात माल उतरवायला जातो म्हणाला. गाडीचं काम आलं होतं, नको म्हटलं.

"काका, एक सांगायचं होतं. तुमचा हात दिसला असं मी म्हणालो ना."

"हो."

"दिसला होता. ते खोटं नाही. पण मी स्टिअरिंग त्याच्या आधी वळवलं की नंतर, ते आता मला सांगता येत नाही." तो पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलत होता. "पहिल्यांदा अगदी पक्कं आठवत होतं. हात दिसला, मग वळवलं. आत गेल्यावर रोज तेच तेच आठवत बसायचो. आणि मग एक दिवस असं वाटायला लागलं की मी आधीच निघालो होतो. दवाखान्याचा फोन वाजत होता, तुम्ही उभे राहिलात, मला चीड आली आणि मी निघालो. हात नंतर दिसला. आता कधी असं वाटतं, कधी तसं."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस का?"

"नाही. खरंच कळत नाही मला. कळलं असतं तर एक तर तुम्हाला शिव्या दिल्या असत्या, नाहीतर पाया पडलो असतो."

बारक्याने चहा संपवला, कप स्वतःच आत नेऊन विसळून ठेवला. "मावशी, येतो," म्हणाला आणि चपला घालून जिना उतरून गेला.

बायको हात पुसत बाहेर आली. "काय म्हणत होता?"

"त्याला नीट आठवत नाही म्हणाला."

तिने रिकामी बशी उचलली, पण ती घेऊन तिथेच उभी राहिली. "आणि तुम्हाला?"

"मला सगळं आठवतं," काका म्हणाले.